बटणांची आवक-जावक

आठवीच्या मुलांनी आपापल्या छंदावर एक वेबसाइट तयार करायची असं शाळेने ठरवलं, यात वावगं काहीच नव्हतं. वावगं होतं ते सूचनापत्रकाच्या तळाशी. तिथे बारीक अक्षरांत छापलं होतं : ‘पालकांचा सहभाग अपेक्षित आहे.’

कणीने पत्रक वरून वाचायला सुरुवात केली. तिच्या वडिलांनी ते खालून वाचलं. त्यांचाही नाइलाज होता. सव्वीस वर्षं सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत काढलेला माणूस कागद हातात आला की आधी सही बघतो, मग शिक्का, मग सोबत जोडलेली कागदपत्रं, आणि मजकुराकडे वळेपर्यंत बहुधा जेवणाची सुट्टी झालेली असते. कचेरीत येणारा प्रत्येक कागद त्यांच्या वहीत नोंदला जाई आणि बाहेर पडणारा प्रत्येक कागद त्यांच्याच वहीतून बाहेर पडे. म्हणून त्यांना सगळे आवकराव म्हणत. जावकराव का म्हणत नाहीत, याचं त्यांना थोडं वाईट वाटे, कारण त्यांच्या मते जावकेचं काम जास्त जोखमीचं असतं. आलेला कागद हरवला तर शोधता येतो. चुकून गेलेला कागद परत येत नाही.

“सहभाग अपेक्षित आहे म्हणतायत,” आवकराव म्हणाले.

“अपेक्षित म्हणजे केलाच पाहिजे असं नाही,” कणीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करायची. काय मिसळलं की काय होतं, याचा तिला अनुभव होता.

कणीचा छंद होता बटणं. विकत घेतलेली नाहीत, कपड्यावरून कापलेली नाहीत, मागून आणलेली नाहीत, सापडलेली. पाचवीत असताना तिला दवाखान्याच्या बाकाखाली पहिलं सापडलं, आणि तेव्हापासून ती रस्त्याने जरा खाली बघून चालायची. आवकरावांना बरेच दिवस वाटायचं की मुलगी विनयशील आहे. फ्रिजमधले बर्फाचे जुने चार ट्रे तिने हक्काने काढून घेतले होते. एका खणात एक बटण. एकूण एकसष्ट.

वेबसाइटचं पहिलं पान तिने शाळेतच करून टाकलं होतं. वर बटणाचा फोटो आणि खाली एकच ओळ. एका पांढऱ्या बटणाखाली लिहिलं होतं : ‘हे शिंकेने तुटलं. माणूस जाडा नव्हता, शिंक मोठी होती.’ एका निळ्याखाली : ‘हे ज्याचं आहे त्याचा हात अजून गळ्याशी जातो.’ एका शिंपल्याच्या बटणाखाली : ‘हिला घाई होती, पण तिने ती दाखवली नाही.’

आवकरावांनी चष्मा पुसून सगळं वाचलं.

“याला आधार काय?”

“आधार नाहीये. अंदाज आहे.”

“कोण शिंकलं, तू पाहिलंस?”

“नाही.”

“मग? अंदाज नोंदीत चालत नाही, कणी. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवणार?”

कणीच्या मते उद्या कुणी विचारणार नव्हतं. पण तिने ‘बरं’ म्हटलं. तिचं ‘बरं’ ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक होतं की त्यात होकार नसतो, फक्त वाद संपलेला असतो. आवकरावांना ते ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी नवी कोरी वही काढून दहा रकाने आखले. अनुक्रमांक, आवक दिनांक, वेळ, सापडल्याचं ठिकाण, रंग, भोकं, व्यास, सोबत कोण होतं, शेरा. दहावा रकाना ‘जावक’.

“जावक कशाला?” कणी म्हणाली. “मी कुणाला देणार नाहीये.”

“देऊ नकोस. पण रकाना असावा. आवक आहे आणि जावक नाही, असं जगात कुठेच नसतं.”

मग जबाब सुरू झाला. कणी ट्रेमधलं एकेक बटण उचलायची आणि आवकराव विचारायचे. गंमत म्हणजे पोरीला सगळं आठवत होतं. कुठल्या वारी, शाळा सुटल्यावर की भरायच्या आधी, जिन्याच्या कितव्या पायरीवर. आवकराव लिहिता लिहिता मनातून हरखून गेले. कचेरीत इतकी स्वच्छ स्मरणशक्ती असलेला माणूस त्यांना सव्वीस वर्षांत भेटला नव्हता. भेटलेल्यांना सगळं आठवायचं, पण विचारलं की विसरायचं.

व्यासापाशी घोडं अडलं. पट्टीने बटण मोजताना बटण घरंगळायचं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे मोजणीकाका वर आले. ते भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते, आणि बारा वर्षांत त्यांना मोजायला कुणी काही दिलं नव्हतं. त्यांनी बटणाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, मग आवकरावांकडे पाहिलं, आणि खाली जाऊन कॅलिपर घेऊन आले.

“पट्टीने बटण मोजणं म्हणजे झाडूने मिशा विंचरणं,” ते म्हणाले. “सरका.”

एकसष्ट बटणं मोजायला दोन रविवार गेले, कारण प्रत्येक बटण ते तीनदा मोजून सरासरी काढत. फोटोंसाठी कणीच्या आईची पांढरी चादर गच्चीवर अंथरली गेली. वाऱ्याने ती शेजारच्या गच्चीत गेली आणि तिच्याबरोबर सतरा बटणंही गेली. ती परत मिळाली तेव्हा अठरा निघाली. अठरावं नक्की कुठलं, यावर बरीच चर्चा होऊन शेवटी कणीनेच ते शेजारच्या गच्चीवर परत ठेवून दिलं. “ते तुम्हाला सापडलंय, मला नाही,” ती बाबांना म्हणाली.

अशा रीतीने वेबसाइट झाली. पाच पानं. कणीने केलेलं पान काढून तिथे रकान्यांचा तक्ता आला. वर ठळक अक्षरांत ‘प्राप्त बटणांची नोंदवही (भाग एक)’. कणीच्या आईने मोबाइलवर ते एकदा वर-खाली सरकवून पाहिलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “कोणी मेलंय का?”

शाळेची आणखी एक अट होती : वेबसाइटला किमान पन्नास जणांनी भेट दिली पाहिजे. कणीच्या मैत्रिणी, मामा, मावशी धरून आकडा एकोणतीसवर अडला. तेव्हा आवकरावांनी हात दाखवून अवलक्षण केलं. त्यांनी वेबसाइटचा दुवा इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि, पन्नास पूर्ण होतील याची खात्री म्हणून, कचेरीच्या ग्रुपवरही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या मावशी दारात उभ्या.

“चौदा नंबर माझं आहे,” त्या म्हणाल्या. “जांभळं. लिफ्टमध्ये सापडलं असं लिहिलंय. माझ्या स्वेटरचं ते. दोन वर्षं मी सुनेला बोलतेय.”

आवकरावांना धन्य वाटलं. कुठल्याही वहीला असा मान क्वचित मिळतो. त्यांनी मावशींकडून रीतसर अर्ज घेतला, स्वेटर तपासला, आणि जावकेच्या रकान्यात पहिली नोंद केली. कणीने ट्रेमधून बटण काढून दिलं. मावशी गेल्यावर ती रिकाम्या खणाकडे बघत राहिली.

“बघितलंस?” आवकराव म्हणाले. “नोंद असली की वस्तू धन्याकडे जाते.”

“हो,” कणी म्हणाली. “जाते.”

आणि मग रीघच लागली. माणसाला बटण हरवल्याचं दुःख होत नाही. पण ते दुसऱ्याकडे क्रमांक घालून ठेवलेलं आहे म्हटल्यावर होतं. लोक कपाटं उपसून शर्ट घेऊन आले. एक गृहस्थ लग्नातला कोट घेऊन आले आणि तो आता अंगाला होत नाही हे सगळ्यांसमोर कळल्यावर तसेच परत गेले. बावीस नंबरच्या तपकिरी बटणावर दोघांनी हक्क सांगितला : मोजणीकाकांनी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी. आवकरावांनी सुनावणी ठेवली. मोजणीकाकांचं म्हणणं, व्यास त्यांच्या शर्टाशी जुळतो आणि व्यास त्यांनी स्वतः काढलाय. डॉक्टरांचं म्हणणं, त्याच कारणासाठी तो ग्राह्य धरू नये. शेवटी कोपऱ्यावरच्या शिंप्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. त्याने बटण उलटसुलट केलं, दोराच्या खुणा पाहिल्या.

“हे शर्टाचं नाही,” तो म्हणाला. “उशीच्या अभ्र्याचं आहे.”

दोघांनीही तो अपमान मानला. शिंप्याशी भांडून उपयोग नव्हता, त्याच्याकडे दोघांच्या पँटी शिवायला पडल्या होत्या. म्हणून दोघांनी आवकरावांशी बोलणं सोडलं. मोजणीकाका कॅलिपर घेऊन गेले.

पण खरं संकट आलं ते सदतिसाव्या नंबरातून. नोंद साधी होती : ‘हिरवट, चार भोकं, कोटाचं. तरणतलावाच्या पायऱ्यांवर. मंगळवार, सकाळी अकरा. सोबत : शाळेचा पोहण्याचा तास.’

कचेरीत हिरवट कोट एकच होता, तो मोठ्या साहेबांचा. त्याचं वरून दुसरं बटण तीन महिन्यांपासून नव्हतं, हेही सर्वांना पाठ होतं, कारण साहेब रागावले की नजर खाली ठेवावी लागते आणि ती नेमकी तिथेच पोचते. आणि दर मंगळवारी सकाळी साहेब ‘मुख्यालयात बैठकीला’ जात. हालचाल नोंदवहीत तसं लिहिलेलं असे. ती वहीदेखील आवकरावांच्याच ताब्यात असे.

आवकरावांना एके दिवशी कचेरीत शिरताना वाटलं की लोक आज आपल्याशी फार चांगलं वागतायत. लेखा शाखेच्या बाईंनी स्वतःहून खुर्ची दिली. अकरा वाजता शिपाई टेबलाजवळ येऊन उगाच फाइल झटकत उभा राहिला.

“धाडस आहे हं तुमचं,” तो हळूच म्हणाला. “आम्ही कोणी बोललो नसतो.”

“कशाबद्दल?”

शिपायाने मोबाइल काढून सदतीस नंबर दाखवला. मग साहेबांच्या केबिनच्या दाराकडे बघितलं. मग हाताने हवेत दोनदा पोहल्यासारखं केलं.

आवकरावांनी हालचाल नोंदवही काढून मंगळवार पाहिले. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो कागद वाचले होते, पण दोन नोंदी शेजारी ठेवून वाचायचं काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चार वाजता ज्ञापन आलं. ते टपालात आलं म्हणजे नियमाप्रमाणे आवकरावांकडेच आलं. त्यांनी पाकीट फोडलं. ‘कार्यालयीन नोंदवहीचा नमुना खासगी कामासाठी वापरल्याबद्दल, तसेच पूर्वपरवानगीशिवाय संकेतस्थळ प्रसिद्ध केल्याबद्दल, आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’ त्यांनी शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, संबंधित व्यक्ती म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, ज्ञापन स्वतःकडे पाठवलं आणि मिळाल्याची सही केली. शाईचा डाग पडू दिला नाही.

घरी येऊन त्यांनी बूट न काढताच सांगितलं, “वेबसाइट बंद करायची.”

“शुक्रवारी प्रदर्शन आहे,” कणी म्हणाली. “चारशे अकरा भेटी झाल्यात.”

“त्यातल्या साठ आमच्या कचेरीतल्या आहेत. सगळ्या एकाच नोंदीवर.”

“मग फक्त ती नोंद काढा.”

“नोंद काढता येत नाही. खाडाखोड दिसते. लोक म्हणतील, म्हणजे खरंच असणार.”

“तशीही खरीच आहे ना,” कणीची आई म्हणाली. “तुम्हीच म्हणता, आधार असल्याशिवाय लिहीत नाही.”

यावर आवकराव खुलासा लिहायला बसले. ‘सविनय सादर करण्यात येते की’ एवढं झालं आणि दारावरची बेल वाजली. दारात मोठे साहेब उभे होते. हिरवट कोट घातलेला, बटणाच्या जागी तळहात.

साहेब कधी कुणाच्या घरी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले. कणीच्या आईने पाणी ठेवलं. पाण्याकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

“ती मुलगी कुठली?” त्यांनी विचारलं.

कणी पुढे आली.

“सदतीस नंबर तुला सापडलं?”

“हो.”

“माझं आहे ते.” त्यांनी पाण्याचा पेला जरा लांब सरकवला. “मला पोहता येत नाही. नातवंडं तलावावर जातात, मी काठावर कपडे सांभाळत बसतो. त्रेपन्न वर्षं कुणाचे ना कुणाचे कपडे सांभाळले. तिथे प्रौढांचा वर्ग मंगळवारीच असतो, दहा वाजता. रजा मागायची तर अर्जावर कारण लिहावं लागतं, आणि तो अर्ज...” त्यांनी आवकरावांकडे पाहिलं. “...यांच्या वहीतून जातो.”

आवकरावांनी मान खाली घातली. नजर नेमकी त्या तळहातावर गेली.

“जमलं का?” कणीने विचारलं.

“तरंगायला जमतं. पुढे जात नाही.”

“मग बटण कसं तुटलं?”

“पहिल्या दिवशी. पायऱ्यांपर्यंत आलो आणि तिथेच बटण धरून उभा राहिलो. ते तुटून पडलं. माझ्या लक्षातही आलं नाही.”

कणी आत जाऊन बटण घेऊन आली आणि त्यांच्या हातावर ठेवलं. “मी याच्याखाली वेगळं लिहिलं होतं,” ती म्हणाली. “‘हा माणूस पाण्याला घाबरतो, पण आला होता.’ बाबा म्हणाले, आधार नाही.”

साहेबांनी बटण मुठीत घेतलं आणि उठले. दारापाशी जाऊन ते थांबले.

“खुलासा मात्र द्यावा लागेल,” ते आवकरावांना म्हणाले. “क्रमांक पडलाय त्याला.”

“उद्या देतो, साहेब.”

“दोन ओळींत द्या.”

आवकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन ओळींत खुलासा दिला. त्यावर ‘मान्य. दप्तरी दाखल’ असा शेरा आला. पुढच्या मंगळवारी हालचाल नोंदवहीत साहेबांनी स्वतःच्या हाताने ‘पोहणे’ असं लिहिलं आणि त्यासमोर अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कचेरीतल्या लोकांना बोलायला त्यात काही उरलं नाही आणि त्यांनी तो विषय दुःखाने सोडून दिला. पण हे नंतरचं. आधी शुक्रवार आला.

प्रदर्शन शाळेच्या संगणक कक्षात होतं. एकेका संगणकासमोर एकेक मूल आणि मागे पालक. कुणाची वेबसाइट सायकलींवर, कुणाची ढगांवर. कणीच्या तक्त्यात एकसष्टपैकी अडतीस नोंदींपुढे ‘जावक’ लागलं होतं. ट्रेमध्ये तेवीस बटणं उरली होती. संगणकाच्या बाई हातात गुणपत्रक घेऊन एकेकापाशी थांबत होत्या. पाचवं पान ‘चिंतन’ या नावाचं असायचं, म्हणजे या प्रकल्पातून मी काय शिकलो ते. त्यासाठी आवकरावांनी कणीला अडीच पानांचा मसुदा करून दिला होता. ‘सदर प्रकल्पाच्या अनुषंगाने’ अशी त्याची सुरुवात होती.

बाईंनी पाचवं पान उघडलं. मसुदा तिथे नव्हता. चार ओळी होत्या.

‘मला बटणं आवडायची कारण ती कुणाची आहेत ते मला माहीत नसायचं. आता बऱ्याच बटणांचं माहीत झालंय. ज्यांची होती त्यांना ती मिळाली, हे चांगलंच झालं. पण त्यानंतर मी खाली बघून चालले नाही.’

आवकरावांनी ते खालून वाचलं. मग वरून वाचलं. दोन्हीकडून ते सारखंच लागत होतं.

बाईंनी मात्र तक्ता बराच वेळ पाहिला, व्यासाची तीन दशांश स्थळं पाहिली, आणि गुणपत्रक भरून पुढे केलं. “उत्तम काम आहे,” त्या म्हणाल्या. “पण कुणाचं ते दिसतं हो.” पत्रकावर दोनच आकडे होते. पालकांचा सहभाग : पाचपैकी पाच. विद्यार्थ्याचं स्वतःचं काम : दहापैकी चार.

कणीने पत्रक घडी घालून दप्तरात ठेवायला घेतलं. तिला त्यात नवल वाटलेलं दिसलं नाही. तेच आवकरावांना सहन झालं नाही.

“बाई,” ते म्हणाले, “यात एक चूक आहे.”

“गुणांची बेरीज?”

“बेरीज बरोबर आहे. नोंद चुकलीय. या मुलीने आधी एक पान केलं होतं, ते मी काढायला लावलं. तक्ता माझा, रकाने माझे. तिचं काम तुमच्यासमोर आलेलंच नाही.” त्यांच्या मागे पालकांची रांग होती, आणि तिच्यात दातांचे डॉक्टरही होते, पण आता थांबता येत नव्हतं. “लेखी हवं असेल तर देतो.”

“लेखी नको,” बाई म्हणाल्या. “ते पान आहे का कुठे?”

कणी थोडा वेळ वडिलांकडे बघत राहिली. मग तिने दोन कळा दाबल्या. ते पान पुसलेलं नव्हतंच. तिने ‘बरं’ म्हटलं होतं, एवढंच.

बाई वाचायला लागल्या. शिंकेपाशी त्या हसल्या. मागच्या रांगेतल्या कुणीतरी वाकून पाहिलं, मग दुसऱ्याने. डॉक्टरांनी बावीस नंबरखालची ओळ वाचली : ‘हे झोपेत तुटलं. म्हणून कुणी शोधलं नाही.’ ते आवकरावांना जागा करून देण्यासाठी किंचित सरकले, आणि तीन आठवड्यांतलं त्यांचं ते पहिलं संभाषण होतं.

“हे मूळ काम धरलं तर नऊ देते,” बाई म्हणाल्या. “पण मग पालकांचा सहभाग काय लिहू? ते काढायला लावलं, एवढाच होतो.”

आवकरावांनी क्षणभर विचार केला. त्यांच्या नावापुढे आजवर कुठल्याही कागदावर शून्य पडलं नव्हतं.

“शून्य लिहा,” ते म्हणाले. “आणि तिथे माझी सही घ्या.”

दोघं चालतच परतले. शाळेपासून घर वीस मिनिटांवर. वाटेत कणी एकदा थांबली, वाकली, काहीतरी उचलून खिशात टाकलं आणि पुन्हा चालू लागली. आवकरावांच्या तोंडापर्यंत प्रश्न आले, एकामागून एक, रकान्यांच्या क्रमाने. त्यांनी एकही विचारला नाही. अवघड गेलं, पण नाही विचारला.

घरी कणीच्या आईने दार उघडलं.

“किती मिळाले?”

“आधी नऊ,” आवकराव म्हणाले.

“आणि नंतर?”

“नंतर मी दुरुस्ती करून घेतली. मग नऊ.”

“म्हणजे तेवढेच?”

“तेवढेच,” कणी बूट काढत म्हणाली. “पण आता सगळे माझे आहेत.”